कोमट बॉनेट

बॉनेट कोमट होतं. खरं तर एवढंच झालं होतं. जानेवारीतला रविवार, सकाळचे पावणेसात, कोंढव्यातल्या एका सोसायटीचं उघडं पार्किंग. मी वापरलेली गाडी घ्यायला निघालो होतो, आणि ती पारखायला सोबत आमचे गॅरेजवाले अण्णा. अण्णांनी गाडीकडे धड पाहिलंसुद्धा नव्हतं. माणसं आधी रंग बघतात, चाकं बघतात, नाहीतर सरळ दार उघडून आत बसतात आणि स्टिअरिंगवर हात ठेवून लहान मुलासारखी हसतात. मीही तेच करणार होतो. अण्णा मात्र तडक पुढे गेले, स्वेटरची बाही कोपरापर्यंत सारली आणि तळहात बॉनेटवर टेकवला, तापाने फणफणलेल्या पोराच्या कपाळावर टेकवतात तसा. मग माझ्याकडे पाहिलं. मीही हात लावून बघितला. शेजारच्या गाड्यांच्या टपांवर दव होतं, बोट फिरवलं तर रेघ उमटत होती. हे बॉनेट कोरडं आणि कोमट. "फिरवली का आत्ता?" अण्णांनी विचारलं. गाडीचा मालक म्हणजे अठ्ठावीस-तिशीचा मुलगा, ट्रॅकपँट, पायात चपला, डोळे जागरणाचे. तो म्हणाला, "हो काका, दूध आणायला गेलो होतो."

थोड्या वेळाने कागद बघायला आम्ही तिसऱ्या मजल्यावर त्याच्या घरी गेलो. दाराच्या कडीला कापडी पिशवी लटकवलेली होती आणि तिच्यात दुधाच्या दोन पिशव्या. त्याने ती काढली, आमच्याकडे न बघता आत नेऊन ठेवली आणि बाहेर येऊन म्हणाला, "चहा घेणार ना?"

दूध घरपोच येत होतं.

आदल्या रात्री मी त्याला फोन करून मुद्दाम सांगितलं होतं, की आम्ही लवकर येतोय, तोवर गाडी सुरू करू नका. वापरलेली गाडी घेणाऱ्याने करायची ही पहिली विनंती, आणि गाडी टर्बोवाली, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा असलेली, असेल तर जास्तच. रात्रभर उभ्या इंजिनातलं तेल खाली चेंबरमध्ये उतरलेलं असतं. सकाळी किल्ली फिरवल्यावर ते वर चढेपर्यंतचे दोन-चार सेकंद इंजिनाला खोटं बोलता येत नाही. झिजलेलं काही असेल तर ते तेवढ्यात खडखडतं. व्हॉल्व्हच्या सीलमधून रात्रभर तेल झिरपलं असेल तर सायलेन्सरमधून निळसर धुराचा एक भपका निघतो आणि विरतो. हवेत वास राहतो, कढईतलं तेल जळल्यासारखा. पांढरा धूर थंडीत कुणाच्याही गाडीतून निघतो, ती नुसती वाफ. पण गाडी तापल्यावरही तो थांबला नाही आणि त्याला गोडसर वास आला, तर कूलंट आत जाऊन जळतंय असं समजायचं आणि चहा न घेता निघायचं. हे सगळं थंड इंजिनावर दिसतं. दहा मिनिटं फिरवून आणलेली गाडी तोंड धुऊन, पावडर लावून बसलेली असते.

थंड इंजिनाचं हे शास्त्र मला अण्णांच्याही आधी बाबांनी शिकवलं होतं, अर्थात त्यांच्या नकळत. आमच्याकडे प्रीमियर पद्मिनी होती. पांढरी म्हणून घेतलेली, पुढे दुधावरच्या सायीच्या रंगाची झालेली. गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर, आणि डॅशबोर्डखाली, थंड इंजिनाला जास्त पेट्रोल पाजणाऱ्या चोकची मूठ. हिवाळ्यात बाबा शाळेत सोडायचे तेव्हा आधी पाच मिनिटं हा विधी चाले. चोक ओढायचा, किल्ली फिरवायची, इंजिन दोनदा खोकून बंद पडायचं, मग थोडं थांबायचं, "आता धरेल", आणि तिसऱ्यांदा ते धरायचं. गाडीभर पेट्रोलचा वास. मला तो आवडायचा, आईला मळमळायचं. बाबा कान देऊन ऐकत राहायचे आणि आवाज स्थिरावला की चोक हळूहळू आत ढकलायचे. गाडीतल्या कप्प्यात त्यांची एक डायरी असे. तारीख, किलोमीटर, किती लिटर, किती रुपये. ऑइल बदललं, प्लग साफ केले, पंक्चर. मतं नाहीत, तक्रारी नाहीत. गाडी विकली त्या दिवशीची नोंद दोन शब्दांची आहे: "गाडी दिली." बाबा गेल्यावर कपाट आवरताना मी ती वाचली. त्याच कपाटात त्यांच्या आजारपणाची फाइल होती, ती मात्र मी अजून उघडलेली नाही.

आता गाडीबद्दल. अबार्थ पुंटो, म्हणजे फियाटच्या पुंटोची पळणारी बहीण. ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायची गरज नाही आणि ज्यांना माहीत नाही त्यांना ती साधी जुनी फियाट वाटेल. माझ्या बायकोला तशीच वाटली. "यात वेगळं काय आहे? विंचू काढलाय म्हणून?" विंचू हे अबार्थचं चिन्ह. १९४९ मध्ये ही कंपनी काढणाऱ्या कार्लो अबार्थ यांची रास वृश्चिक, म्हणून विंचू. हे मी बायकोला सांगितलं. रास बघून गाडी घेणारे आपल्याकडेच असतात असं नाही तर, असं ती म्हणाली आणि विषय संपला. पण मला ती गाडी २०१५ मध्ये बाजारात आली तेव्हापासून हवी होती. १.४ लिटरचं टी-जेट टर्बो पेट्रोल इंजिन, १४५ अश्वशक्ती, चारही चाकांना डिस्क ब्रेक, आणि किंमत शोरूमला दहा लाखांच्या आत. त्या पैशात भारतात छोट्या गाडीत एवढी ताकद तोवर कुणी दिली नव्हती. शिवाय ती बनायची आपल्या रांजणगावात, नगर रस्त्यावर, महागणपतीच्या शेजारी. कॉलेजात असल्यापासून फियाटचीच पॅलिओ १.६ बघून ज्यांच्या पोटात काहीतरी हलायचं त्या पिढीचा मी. पण २०१५ साली घराचा हप्ता होता, मुलीची शाळा होती, आणि शहाणा माणूस म्हणवून घ्यायची हौसही होती. फियाटने पुढे इथे गाड्या विकणंच बंद केलं. आता हवी असेल तर कुणाची तरी वापरलेलीच घ्यायची.

आणि वेगवान गाडी वापरलेली घेणं हा वेगळाच प्रकार आहे. साधी कुटुंबवत्सल गाडी कुणीतरी भाजी, शाळा, गणपतीला गाव यासाठी वापरलेली असते. ही गाडी घेणाऱ्याने ती घेतलेलीच असते पळवायला. ती पळवली का, हा प्रश्नच फिजूल. पळवण्याआधी तिला तापू दिलं का आणि पळवून आल्यावर निवू दिलं का, एवढंच विचारायचं. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो, तेही तेलाच्या पातळशा थरावर तरंगत. घाट चढून आल्या आल्या किल्ली बंद केली तर ते तेल तिथेच, तापलेल्या बेअरिंगवर, करपून बसतं. मिनिटभर इंजिन चालू ठेवून बसण्याइतका धीर मालकाकडे होता का? जाहिरातीत हे लिहीत नाहीत. जाहिरातीत लिहितात: सिंगल हँड, नॉन अॅक्सिडेंटल, डॉक्टर यूज्ड. पुण्यात विकायला निघालेल्या गाड्यांपैकी इतक्या गाड्या डॉक्टरांच्या असतात की दवाखान्यात बसतं कोण असा प्रश्न पडावा.

या मुलाच्या आधी मी तीन गाड्या पाहिल्या होत्या. त्यातली एक विसरता येत नाही. पांढरी, चकचकीत, इतकी स्वच्छ की मी व्हिडिओवरच जवळजवळ हो म्हटलं होतं. विकणारा एजंट होता, बोलायला लाघवी. दार उघडल्याबरोबर लिंबाच्या अत्तराचा लोट अंगावर आला, लग्नाच्या हॉलमध्ये शिरल्यासारखा. सगळ्या काचा खाली करून अण्णा म्हणाले, "जरा वारा खाऊ द्या तिला." मग त्यांनी पुढच्या सीटचा पट्टा धरला आणि ओढत राहिले, ओढत राहिले, संपेपर्यंत. रोजच्या वापरात सीटबेल्ट एवढा कधीच बाहेर येत नाही. शेवटच्या वीतभर पट्ट्यावर आडवी तपकिरी रेघ होती, विहिरीच्या दगडावर पाण्याची खूण राहते तशी. सीटखालच्या रुळांना गंज. नव्याकोऱ्या मॅटखाली गालिचा कोरडा होता, पण त्याच्याखालच्या जाड थरात अण्णांनी बोट खुपसलं आणि बाहेर काढून मला दिलं वासाला. नदीचा वास. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूर बुडालं आणि सप्टेंबरात एका रात्रीत आंबिल ओढ्याने पुण्यातल्या सोसायट्यांच्या पार्किंगमधून गाड्या काड्यापेट्यांसारख्या वाहून नेल्या. त्या गाड्यांतल्या सगळ्याच काही भंगारात गेल्या नाहीत. काही धुतल्या, वाळवल्या, अत्तर मारून परत उभ्या केल्या. त्यांच्या वायरींच्या जोडांमध्ये हिरवट गंज हळूहळू चढत राहतो आणि वर्षभराने एके दिवशी भर पावसात हायवेवर सगळे दिवे एकदम लागतात, नाहीतर एकदम जातात. "बुडालेली आहे ही," अण्णा एजंटला म्हणाले, अगदी सौम्यपणे. एजंट म्हणाला, "काका, एसीचं पाणी गळलं असेल." एसीचं पाणी सीटच्या उंचीपर्यंत! परत येताना आम्ही दोघंही गप्प होतो. मला गाडीपेक्षा ती रेघच आठवत होती, आणि ती ज्या घरासमोर उभी असेल ते घर.

तर, अशा सगळ्या अनुभवांनंतर कोमट बॉनेट आणि दुधाची पिशवी. मी तिथूनच परत फिरायला तयार होतो. अण्णा म्हणाले, "आलोय तर बघू. इंजिन तापलंय, बाकी गाडी थंडच आहे."

अण्णा गाडी बघतात ते बघण्यासारखं असतं. पस्तीस वर्षं गॅरेज, आता मुलगा चालवतो, हे फक्त ओळखीच्यांसाठी येतात. त्यांच्या खिशात रंगाची जाडी मोजायचं छोटं यंत्र असतं, मुलाने वाढदिवसाला दिलेलं, पण आधी ते गाडीपासून पंधरा पावलं लांब जाऊन उकिडवे बसतात आणि उगवत्या उन्हात गाडीच्या अंगावरून तिरकी नजर टाकतात. लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेला पत्रा उन्हात लाटा मारतो, चांगल्या पत्र्यावर समोरच्या इमारतीची कड सरळ दिसते. मग यंत्र. छतावर ११०, डाव्या दारावर ११८, मागच्या दारावर ११५ मायक्रॉन. पुढच्या उजव्या फेंडरवर, म्हणजे चाकावरच्या पत्र्यावर, २९०. त्यांनी मला बोलावून आकडा दाखवला, मुलाला काही विचारलं नाही. बॉनेट उघडून त्या फेंडरच्या बोल्टांवर अंगठा फिरवला. बोल्टाच्या डोक्यावरचा रंग उडालेला, पान्याच्या खुणा. आतला एप्रन, म्हणजे फेंडरमागचा पत्रा, मात्र जसाच्या तसा, कारखान्यातल्या जोडाच्या लकेरीसकट. दारांची रबरी बीडिंग ओढून आतले स्पॉट वेल्डचे ठिपके मोजल्यासारखे बघितले. काचांवर छापलेली बनावटीची वर्षं जुळवली. तेवढ्यात मुलगाच म्हणाला, "तो फेंडर रंगवलेला आहे. रिक्षा घासली होती, बिबवेवाडीला. फेंडर बदलला नाही, ठोकून सरळ केला." अण्णांनी नुसती मान हलवली. न विचारता सांगितलं याचा मला आनंद व्हायला हवा होता. पण मनात दुधाच्या त्या दोन पिशव्या होत्याच.

टायरकडे लोक नक्षी किती उरली म्हणून बघतात. अण्णा बाजूच्या भिंतीवर कोरलेले चार आकडे वाचतात, आठवडा आणि साल. २३१९ असेल तर २०१९ चा तेविसावा आठवडा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे चारही टायर एकाच बनावटीचे आहेत का. १४५ अश्वशक्तीच्या गाडीला पुढे दोन स्वस्तातले टायर घालणाऱ्या माणसाने इंजिन ऑइलमध्येही हात आखडता घेतलेला असतो, असा अण्णांचा ठाम समज, आणि मला तो पटतो. इथे चारही एकसारखे होते, दोन वर्षांपूर्वीचे, सारखे झिजलेले. आतल्या कडेची जास्त झीज नाही, म्हणजे गाडी आणखी खाली बसवायचा उद्योग कुणी केलेला नाही. आधीच तिची पोटाखालची जागा १५५ मिलिमीटर, आपले गतिरोधक बघता तिला जमिनीचं चुंबन चुकत नाही. गॅरेजच्या पिटवर घेतली तेव्हा चेंबरच्या तळाला दोन लांब ओरखडे दिसले, जुने, काळपट पडलेले. अण्णा खूश झाले. मला कळेना. म्हणाले, "ओरखडे असायलाच पाहिजेत. नसते आणि खालून ताजा काळा रंग मारलेला असता, तर मी विचारलं असतं काय झाकलं."

मग तो मुलगा आणि मी पिटच्या काठावर उभे, आणि खालून अण्णांचा आवाज. टर्बोची हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरचा पाइप सोडवून त्यांनी बोट घातलं. तेलाचा पातळ थर असतोच, पण थेंब ओघळत असेल तर टर्बो म्हातारा झालेला. थेंब नव्हता. ऑइल भरायच्या झाकणाखाली लोण्यासारखा पांढरट लगदा नव्हता. ब्रेक डिस्कच्या कडेला नखाने चाचपलं, थोडा कंगोरा आलाय, "सहा महिन्यांनी बदला". टायमिंग बेल्ट? या इंजिनाला चेन नाही, रबरी पट्टा असतो, आणि त्याचं आयुष्य किलोमीटरइतकंच वर्षांवरही असतं. कमी चाललेल्या गाडीचे मालक नेमके इथे फसतात: फक्त एवढीच तर चालली आहे, मग कशाला बदला. तो तुटला तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आपटतात आणि गाडीच्या किमतीचा चांगलाच लचका जातो. मुलाने फोनमध्ये बिल दाखवलं, दीड वर्षापूर्वीचं, बेल्ट, टेन्शनर, वॉटर पंप. बिलावर किलोमीटर लिहिलेले, ते मीटरशी जुळणारे. मीटर मागे नेणं आजकाल लॅपटॉपचं काम आहे, म्हणून बिलांची माळ बघायची, आणि क्लचच्या पेडलचं रबर. एकसष्ट हजार. रबर एकसष्ट हजाराइतकंच गुळगुळीत.

"मॅप मारलाय का?" अण्णांनी खालूनच विचारलं. म्हणजे ताकद वाढवायला इंजिनाच्या संगणकाची मांडणी बदलली आहे का.

"नाही."

मी माझा चारशे रुपयांचा स्कॅनर स्टिअरिंगखालच्या सॉकेटला लावला. एकही चूक नाही, सगळं स्वच्छ. जरा जास्तच स्वच्छ. गाडीचा संगणक स्वतःच्या काही तपासण्या करत असतो आणि त्या पूर्ण झाल्यात का ते सांगतो. त्याची स्मृती पुसली, तर त्या पुन्हा पूर्ण व्हायला काही दिवस नीट गाडी चालवावी लागते. इथे निम्म्या अपूर्ण होत्या. मी स्क्रीन त्याच्यासमोर धरला. तो एकदा फोनकडे, एकदा पिटकडे बघत राहिला आणि म्हणाला, "स्टेज वन होता. गेल्या आठवड्यात स्टॉक करून घेतला. घेणारे घाबरतात, म्हणून." किती दिवस होता? दोन वर्षं. एअर फिल्टरचा मूळ डबा? माळ्यावर होता, तोही परत बसवलाय. स्टेज वन म्हणजे रिमॅपची पहिली पायरी, स्टॉक म्हणजे कंपनीचं मूळ. रिमॅप हे पाप नाही, मी असतो तर मीही केलं असतं. पण वाढलेली ताकद जाते क्लचमधून, गिअरबॉक्समधून, आणि त्यांना कुणी विचारलेलं नसतं. शिवाय विमा कंपनीला असे बदल कळवलेले नसतील तर उद्या क्लेमच्या वेळी वाद. त्याने खोटं बोलून दोन मिनिटांत खरं सांगितलं. माझ्या डोक्यात वेगळंच चाललं होतं. हा माणूस एवढी मोठी गोष्ट कबूल करतो, मग दुधाचं का नाही?

चाचणीला बोपदेव घाटात गेलो. गाणी बंद, एसी बंद, काचा खाली. सपाटीवर सगळ्याच गाड्या चांगल्या असतात. चढावर, तिसऱ्या गिअरमध्ये, दोन हजार फेऱ्यांपासून पाय पूर्ण दाबायचा आणि बघत राहायचं: इंजिनाचे फेरे वाढतायत त्या मानाने वेग वाढतोय का. काटा एकटाच पळाला तर क्लच घसरतोय. नाही घसरला. आधी क्षणभर काहीच होत नाही, टर्बो दम भरत असतो, मग अडीच हजाराच्या आसपास कुणीतरी पाठीत हात घालून ढकलतं. एक बारीक शीळ येते, कुकरच्या शिट्टीच्या आधी येते तशी. मी हसलो असणार, कारण मागच्या सीटवरून अण्णा म्हणाले, "तुम्ही बाजूला बसा आता. तुमचं काम झालं." उतारावर त्यांनी गाडी दुसऱ्या गिअरमध्ये नुसती इंजिनाच्या ब्रेकवर सोडली आणि वळणानंतर एकदम रेस दिली, नजर आरशात. निळा भपका आला असता तर तिथेच आला असता. हातांना जड लागणारं ते जुन्या पद्धतीचं हायड्रॉलिक स्टिअरिंग, रस्त्यावरचा प्रत्येक खडा तळहाताला कळवणारं. मुलगा माझ्या मागे बसला होता. घाटाच्या एका वळणाला तो पुटपुटला, "इथे थोडं आत घ्या, खड्डा आहे." खड्डा होता, आणि आम्हाला दिसायच्या आधी त्याला माहीत होता.

कागदांचं फार सांगत नाही, ते सगळ्यांनाच माहीत असतं आणि तरी सगळे त्यातच गोते खातात. सरकारच्या 'वाहन' संकेतस्थळावर कर्जाचा बोजा उतरलाय का, बँकेने सही केलेला फॉर्म ३५ आहे का, थकलेले चलन किती (वेगवान गाडीची चलनं म्हणजे तिचं आत्मचरित्र, या मुलाची दोन, दोन्ही एक्सप्रेसवेवरची), चॅसी नंबर पत्र्यावरचा आणि आरसीवरचा एकच ना. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घेऊन कागद खिशात ठेवणं म्हणजे नाव बदलणं नव्हे. विम्याच्या कागदावर एक आकडा जरूर बघावा, नो क्लेम बोनस. पाच वर्षं क्लेम नसेल तर तो ५० टक्के असतो. अपघात नाही म्हणणाऱ्याच्या पॉलिसीवर तो शून्य किंवा २० दिसला, तर मधलं काहीतरी सांगायचं राहिलंय. इथे ५० होता. रिक्षाच्या फेंडरचे पैसे त्याने खिशातून भरले होते.

मी म्हटलं, पुढच्या रविवारी परत येतो. या वेळी गाडी थंड हवी.

त्या आठवड्यात मला झोप नीट लागली नाही, हे कबूल करतो. सत्तेचाळीस वर्षांच्या माणसाने गाडीसाठी जागं राहणं बरं दिसत नाही. पण जागं ठेवत होतं ते दूध. माणूस झाकायला खोटं बोलतो. इंजिन झाकायचं असतं तर त्याने मधल्या वेळात गाडी निवू तरी दिली असती, किंवा उशिरा या म्हणाला असता. त्याची घाई कशाची होती? बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "तू माझ्याशी आठवड्यातून तीनदा असलं खोटं बोलतोस. बारीकसं. विचारलं तर तुलाही कारण सांगता येणार नाही."

दुसऱ्या रविवारी बॉनेट बर्फासारखं गार होतं. काचेवर दव. मुलगा खाली आलाच नाही, किल्ली बायकोबरोबर पाठवली. तिला सातवा-आठवा महिना असावा, जिना उतरताना एक हात कठड्यावर. "तो येतोय, तुम्ही चालू करा म्हणाला." मी किल्ली फिरवली. पहिल्या फटक्यात धरलं. अण्णा मागे सायलेन्सरजवळ उकिडवे, तळहात धुरासमोर धरून. थोडी वाफ, वास नाही. खडखड नाही. फेरे बाराशेवर चढले, हळूहळू आठशेवर स्थिरावले. मी आत बसून ऐकत होतो, आणि माझा डावा हात आपोआप डॅशबोर्डखाली जाऊन चोक शोधत होता. "घ्या," अण्णा म्हणाले, "पण डिस्कचे पैसे कापून घ्या." मी मागितले तेवढे त्याने घासाघीस न करता कमी केले. मला उगीचच वाईट वाटलं.

आरटीओचे सोपस्कार होऊन गाडी ताब्यात घेतली त्या दिवशी त्याने दुसरी किल्ली दिली, बिलांची फाइल दिली, आणि एक छोटी जाडजूड डायरी. "माझ्या काही कामाची नाही आता." घरी आल्यावर पार्किंगमध्येच दिवा लावून वाचत बसलो. पेट्रोल, किलोमीटर, टायरमधली हवा. बाबांसारखंच, पण याला स्वतःला आवरता आलेलं नव्हतं. "आज चेंबर लागला, मांजरी गावातला स्पीडब्रेकर, रडू आलं." "रिक्षा. माझीच चूक." "स्टेज वन!!!" आणि बऱ्याच पानांनंतर, "स्टॉक केली. शांत वाटते. मला नाही, गाडी." शेवटची नोंद आम्ही पहिल्यांदा गेलो त्या रविवारची होती. "५.१० ते ६.२०. बोपदेव, सासवड, परत. एकटाच. उतरताना मिनिटभर चालू ठेवली. लोक येतायत सातला."

त्यानंतर पान कोरं.

चार महिने झाले. डिस्क बदलल्या. बायको आता तिला विंचू म्हणते, आणि परवा सिग्नलला शेजारच्या गाडीतल्या पोराने काच खाली करून अंगठा दाखवला तेव्हा माझ्याआधी हसली. डायरी अजून त्याच कप्प्यात आहे. आधी वाटलं होतं आपली नवीन आणावी. मग गेल्या आठवड्यात पंपावर उभा असताना तीच काढली, पावती सीटवर ठेवली, त्याच्या शेवटच्या नोंदीखाली एक ओळ सोडली आणि लिहिलं: ६३,४१८ किमी, ३१.२ लिटर.